मेलेल्या झाडाचं खोड

"इतिहासातली सगळी साम्राज्यं एकाच चुकीमुळे बुडाली," आमचे मेहुणे म्हणाले. "लोक फांद्या छाटत बसले. मुळावर घाव कोणी घातलाच नाही!"

हे वाक्य त्यांनी आमच्या अंगणातल्या बुडख्यावर चढून, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात कुऱ्हाड धरून उच्चारले. वाक्य संपले तेव्हा ते जमिनीवर बसलेले होते. बुडख्यावर शेवाळ होते. साम्राज्ये कशी बुडतात ते मला माहीत नाही, पण मेहुणे कसे बसतात ते मी अगदी जवळून पाहिले.

हे मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे धाकटे भाऊ. घरात त्यांना सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. कशातले, ते विचारावे लागत नाही. ते सांगतात.

बुडख्याची हकीकत अशी. आमच्या फाटकापासून दारापर्यंत फरश्यांची वाट आहे आणि त्या वाटेला खेटून एक थोराड झाड होते. मागे एका वादळात ते मोडले. तोडायला आलेल्या माणसांनी आडवे झाले ते नेले आणि गुडघ्याएवढे उभे होते ते ठेवून गेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. झाडाचे उलटे आहे. झाड मेले तरी खोड जात नाही. उलट त्याला बाजूने हिरवे कोंब फुटले आणि मुळांनी फरश्या अशा उचलून धरल्या की वाटेवरून चालताना नाचल्यासारखे वाटे. सवयीने आम्ही सगळे चांगले नाचायला लागलो होतो.

मग बायकोच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टर बाहेर येऊन "उत्तम झालं" म्हणाले तेव्हा मला इतके हायसे वाटले की मी मिठी मारायला धावलो, आणि घाईत ती डॉक्टरांऐवजी शेजारच्या वॉर्डबॉयला मारली. त्यानेही ती परत केली. चांगला मुलगा होता.

तिसरे संकट मुलीच्या रूपाने आले. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांना रडवून चालायला लावणे हा तिचा धंदा. तिने फाटकापासून दारापर्यंत एक फेरी मारली आणि मामाला व मला समोर उभे केले.

"बाबा, आई वॉकर घेऊन इथून येणार? पहिल्याच दिवशी नवा गुडघा पणाला लावायचाय?"

"मागच्या दाराने आणू."

"मागे पायऱ्या आहेत. रविवारी तिला सोडतायत. तोवर हा बुडखा निघाला आणि वाट सपाट झाली तर आई घरी. नाही तर दोन महिने मामाकडे. त्याच्याकडे लिफ्ट आहे."

"ताई? आमच्याकडे?" तज्ज्ञ म्हणाले. "आनंदच आहे." हे त्यांनी अशा आवाजात म्हटले की शेजारच्या घरात कोणी तरी रेडिओ बारीक केला. लहानपणी या ताईने त्यांचा जो कान धरला होता तो अजून पुरता सुटलेला नाही.

माझे दुःख साधे होते. घरात मला काही सापडत नव्हते. साखर सापडली तर चमचा नाही, चमचा सापडला तर मी कशाला उठलो होतो तेच नाही. शिवाय आदल्या संध्याकाळी तिने दवाखान्यात माझा हात धरून हळूच म्हटले होते, "मला माझ्या खाटेवर झोपायचंय हो." एवढेच म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे इतके थोडे कधी मागितले नव्हते.

तेव्हा आम्ही दोघे कामाला लागलो. कुऱ्हाडीने कोंब तुटले, बुडखा तसाच. पहारीने हलवला, तर खुंटा हलवून बळकट करतात तसा तो अधिकच बळकट झाला. मग तज्ज्ञांनी शास्त्र बाहेर काढले. बुडख्याला दोर बांधायचा, फाटकाच्या खांबाला वळसा द्यायचा आणि टोक गाडीच्या मागच्या हुकाला अडकवायचे.

"वळशाने जोर दुप्पट होतो, भाऊजी. तुम्ही फक्त लांब उभे राहा."

हा त्यांचा त्या आठवड्यातला एकमेव योग्य सल्ला. गाडी गुरगुरली, दोर ताणला आणि काही तरी मुळासकट उपटल्याचा भरदार आवाज आला. तो खांब होता. फाटकही सोबत गेले. बुडखा होता तिथेच होता, आणि आता त्याला रस्ता मोकळा दिसत होता.

"निदान वाट रुंद झाली," तज्ज्ञ म्हणाले.

शेवटी मशीनवाल्या बाईंना बोलावले. बाई रबरी बूट घालून, चष्मा कपाळावर चढवून आल्या. मशीन म्हणजे चाकावरची किसणीच, फक्त दात वाघाचे. बुडखा बघून त्या खूश झाल्या, फाटक बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आधी सांगा, पाण्याची लाइन कुठून जाते?"

"डावीकडून," मी म्हणालो.

"उजवीकडून," तज्ज्ञ म्हणाले.

"मग झाडालाच विचारू का?"

मी बायकोला फोन केला.

"अगं, सहज विचारतोय. आपला पाण्याचा पाइप अंगणातून कुठून जातो?"

पलीकडे खाट करकरली. मग, "काय फोडलंत?"

"अजून काही नाही."

"झाडाच्या उजव्या अंगाने, हातभर लांबून. पाइप टाकला तेव्हा तुम्ही आत पेपर वाचत होतात. तिथे तोही आलाय का?"

"आलाय."

"मग माझी पिशवी त्याच्याकडे जायच्या हिशेबानेच भरते," ती म्हणाली आणि उसासा टाकला.

फोनचा आवाज मोठा होता. तज्ज्ञांनी फावडे उचलले आणि उजव्या अंगाला खणायला सुरुवात केली. पाइप तिथेच होता. एका जाड मुळाने त्याला मिठी मारली होती, साधारण मी वॉर्डबॉयला मारली तशी. करवतीने ते मूळ हळूहळू सोडवले, मी नळ उघडून आलो, पाइपवर हात फिरवून पाहिला. कोरडा! आम्ही दोघे एकमेकांकडे बघून असे हसलो की बाईंनी विचारले, "तेल लागलं का?"

मग मशीन सुरू झाले. बुडखा गाजरासारखा किसला गेला. बाई किसत किसत हातभर खोल गेल्या, आणि जिथे आमची लाज उभी होती तिथे पिवळ्या भुशाचा ढीग उरला.

"आता फरश्यांखालची मुळं कुऱ्हाडीने काढा," जाताना बाई म्हणाल्या. "भुसा सगळा उपसा आणि नुसती माती भरा. भुसा आत ठेवलात तर आज ना उद्या जमीन बसते."

मुळे आम्ही काढली. भुशाशी आलो तेव्हा शुक्रवार होता आणि कंबर नव्हती.

"भाऊजी," तज्ज्ञ म्हणाले, "भुसा कोणाचा? झाडाचा. खड्डा कोणाचा? झाडाचा. ज्याचं त्याला देऊ. वरून माती, वरून फरशी. कोणाला कळतंय?"

मला विचार पटला. दमलेल्या माणसाला पटकन पटतात असे विचार. संध्याकाळपर्यंत वाट आरशासारखी झाली. मुलीने नवा वॉकर आणून ठेवला होता. म्हटले, शनिवारी सकाळी एकदा चालून बघावे. मी वॉकर घेतला, बायकोसारखा किंचित वाकलो आणि निघालो. तज्ज्ञ मागून, "सावकाश, ताई," म्हणत होते.

शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून पाहिले. "अगंबाई, तुमचंही झालं का ऑपरेशन?"

"सराव करतोय," मी म्हणालो, आणि त्याच वेळी वॉकरचा पुढचा पाय फरशीसकट खाली गेला. फार नाही, चार बोटे. पण मी त्या जागी माझ्याऐवजी तिला पाहिले.

तज्ज्ञांनी वाकून खड्ड्यात बोटे घातली.

"वरून थोडी माती लोटली तर..." तज्ज्ञ म्हणाले.

"उपसायचं."

"सगळं? अहो, कोणाला कळणार आहे?"

"तिच्या गुडघ्याला कळेल."

तज्ज्ञांनी तोंड उघडले. आता पुन्हा साम्राज्ये येणार, असे मला वाटले. पण ते म्हणाले, "घमेलं कुठाय?"

फरश्या पुन्हा निघाल्या. भुसा शेवटच्या मुठीपर्यंत काढला आणि मागच्या अंगणात नेऊन टाकला. खड्ड्यात वीतभर माती, वर पाणी, वर धुम्मस. माती ठोकायची ती धुम्मस वहिनींनी दिली, वर फुकट सल्लाही दिला. पुन्हा माती, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणे. तज्ज्ञ प्रत्येक ठोक्याला "मामाकडे नाही, मामाकडे नाही," असे पुटपुटत होते आणि त्यामुळे ताल चांगला सापडला. फरश्या बसवल्यावर आम्ही दोघांनी त्यांच्यावर उड्या मारल्या. मी वॉकर घेऊन चाललो. मग तज्ज्ञ चालले. मग, बघवेना म्हणून, वहिनीही चालल्या. काही हलले नाही.

रविवारी गाडी रस्त्यावर थांबली. मुलगी आधी उतरली, वाटेवर टाचा आपटत गेली आणि परत येऊन मान डोलावली. तिची मान सहसा डोलत नाही.

बायको उतरली. वॉकर टेकवला, समोर पाहिले.

"फाटक कुठे गेलं?"

"वाट रुंद केली, ताई," तज्ज्ञ म्हणाले.

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'चा हिशेब पुढे कधी तरी होणार होता, पण त्या क्षणी आम्हाला कशाचीच पर्वा नव्हती. ती निघाली. टक, पाऊल. टक, पाऊल. बुडख्याच्या जागेशी आली तेव्हा आमच्यापैकी कोणी श्वास घेत नव्हते. वॉकरचे पाय फरशीवर टेकले. मग तिने भार टाकला. फरशी जागची हलली नाही.

मी श्वास सोडला. तज्ज्ञांनी सोडला तो वहिनींना भिंतीपलीकडे ऐकू गेला असावा, कारण तिकडून टाळी वाजली. माझे डोळे उगाच भरून आले. घरी आली, आता ती घरी आली, एवढेच डोक्यात वाजत होते.

आणि नेमकी तिथेच ती थांबली.

"काय झालं, ताई? हललं का?" तज्ज्ञांचा चेहरा पांढरा पडला.

"नाही रे. घट्ट आहे. चांगलं केलंत दोघांनी." तिने वाटेकडे पाहिले, माझ्या फोड आलेल्या हातांकडे पाहिले, भावाच्या मातीने भरलेल्या कानाकडे पाहिले आणि, काय सांगू, तो धरला नाही. "मेलेल्या झाडाचं खोड मोडलंत. आता जित्यांच्या खोडी तेवढ्या राहिल्या."

मग ती आजूबाजूला काही तरी शोधू लागली.

"काय हवंय, आई?" मुलीने विचारले.

"दमले गं. फाटकातून येताना मी नेहमी इथेच टेकायचे ना, त्या बुडख्यावर." ती माझ्याकडे वळली. "अहो, एक कराल? इथे बसायला एखादं खोडबिड आणून ठेवा."