खेचर घरी बांधून

पंचवटीच्या भाजीबाजारात निवृत्ती सुभेदारांच्या चहावरच्या गप्पांतलं फौजी खेचर फार प्रसिद्ध. जनरल दिसला की उजवा कान कपाळाला लावून सलाम ठोकायचं. रविवारी सुट्टी, म्हणून नुसती मान हलवायचं. सुभेदार पेन्शनवर घरी बसून दोन वर्षं झाली, तरी खेचराला बढत्या मिळतच होत्या.

एक गोष्ट मात्र ते चहावर कधी काढत नसत.

छावणीच्या कार्यालयात ते मुख्य कारकून होते. दिंडोरीकडची सृष्टी, बावीस वर्षांची जवान, अर्ज घेऊन आली. मेजरने खोलीत बोलावून अंगाला हात लावला होता. निवृत्तींनी अर्ज ब्रिगेडियर साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचून परत सरकवला. "प्रॉपर चॅनलने आणायला सांग."

म्हणजे आधी वरिष्ठाची सही हवी. तिचा वरिष्ठ तोच मेजर! निवृत्तींना हे दिसत होतं. पण तीस वर्षांची सवय, हात शिक्क्याकडे गेला. 'परत.'

मेजर पुढे दुसऱ्या प्रकरणात अडकला, तेव्हा सृष्टीचा जुना अर्जही वर निघाला. तो का दाबला, म्हणून आता चौकशी ब्रिगेडियर साहेबांची होती. कागद आपल्यापर्यंत आलाच नाही, कारकुनानेच परस्पर परत केला, असं ते सांगत होते. निवृत्तींना साक्षीला बोलावलं, तसा साहेबांचा फोन आला.

"आठवत नाही म्हण, निवृत्ती. खेचरवाल्यावर विश्वास कोण ठेवणार?"

निघताना त्यांची बायको लताबाई एवढंच म्हणाल्या, "जाताय तर ते खेचर घरी बांधून जा."

साहेबांच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला. "तुमचं खेचर सलाम करायचं ना, सुभेदार?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"खेचर नव्हतंच, वकीलसाहेब. जन्मभर फायली हाकल्या. अर्ज मात्र होता. ब्रिगेडियर साहेबांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. वाचताना दुसऱ्या पानावर चहाचा कप टेकवला होता. बघा."

सृष्टीने जपून ठेवलेला अर्ज चौकशीच्या अध्यक्ष बाईंपुढेच होता. त्यांनी पान उलटलं. गोल डाग होता. साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि शिक्का माझा," निवृत्ती म्हणाले. "माझा हात कुणी धरला नव्हता. माझंही नाव लिहा."

बाहेर पायरीवर सृष्टी उभी होती.

"पोरी..."

"तवा का नाय बोललात? मी तुमच्या टेबलासमोरच उभी व्हते की."

कुठल्याही प्रश्नाला दहा गोष्टी तयार असलेला माणूस. आज मदतीला खेचरही नव्हतं.