लंगड्याची तिसरी लेक

दोन काळ्या दोऱ्यांतला फरक शिंपीणबाईंना हातभर अंतरावरून कळायचा, आणि त्याचा त्यांना भारी ताठा. त्याच नजरेच्या भरवशावर चार वर्षं त्यांचा परसात खटाटोप चालला होता: शेवाळी, म्हणजे हिरवट-तपकिरी अंडी देणारी कोंबडी हवी. त्यासाठी बाप निळ्या अंड्याच्या वाणाचा लागतो, आई गडद तपकिरी अंड्याच्या. पण कोंबडा काही अंडी घालत नाही! त्याच्यात निळा रंग उतरलाय की नाही, ते त्याच्या लेकींनी अंडी घातल्यावर कळणार; एकीचं जरी शेवाळी निघालं, तरी उतरलाय.

त्यात शेजारची नर्स रात्रपाळी करून दिवसा झोपायची. दोन-दोन कोंबडे आरवत असल्यावर तिचा डोळा कसा लागणार? "आज दुपारपर्यंत एक घालवा, नाहीतर मी तक्रार करते," तिनं निक्षून सांगितलं होतं.

थोरल्या कोंबड्याच्या लेकी अजून लहान होत्या. धाकटा कोंबडा लंगडा; त्याच्या दोघी लेकींनी तपकिरीच घातली होती. तिसरी सकाळपासून खोक्यात ठाण मांडून बसलेली; तिनंही तपकिरी घातलं तर लंगड्याला न्यायला फाटकात खाटीक ताटकळत उभा.

"बाई, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय."

"थांबा हो जरा!" बाई म्हणाल्या.

शेवटी कोंबडी कलकलत उठली. बाईंनी वाकून पाहिलं. अंधाऱ्या खोक्यात ओलं, तपकिरी अंडं.

"न्या लंगड्याला," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. भूक लागलेल्या नवऱ्यानं ते अंडं उचललं आणि कढईत फोडलं.

"अगं, हे टरफल आतून निळं कसं गं?"

बाई चरकल्या. तपकिरी अंडं आतून पांढरं असतं, आतून निळं असलं तर वरचा रंग शेवाळी. हे त्यांनीच अख्ख्या गल्लीला शिकवलेलं. टरफल उजेडात धरलं. शेवाळीच होतं!

त्या अनवाणीच धावत सुटल्या. दुकानात लंगडा फळीवर आडवा होता.

"सुरी ठेवा खाली!"

"बाई, तुम्हीच बघून दिलात ना?"

"मीच. आणि मीच चुकले."

असं त्या उभ्या जन्मात कुणाला म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी लंगड्याला उचलून छातीशी धरलं.

"मग थोरल्याला न्यायला येऊ?" खाटकानं विचारलं.

"त्याच्या लेकी अंडी घालू देत आधी," बाई म्हणाल्या. "तोवर नर्सबाईचे पाय धरते." आणि त्या तशाच, लंगड्याला घेऊन, नर्सच्या दाराकडे निघाल्या.