तुम्ही व्हा पुढे

मी एक जुनी मोटर-यॉट आहे, आणि आमच्या जावईबापूंचं वागणं मला मुळीच पसंत नाही.

मित्रांनो, तुम्हीच सांगा. हे गृहस्थ दर सुट्टीच्या दिवशी सकाळी धक्क्यावर येतात. माझ्या अंगावरचं कापड काढतात. चाक पुसतात, पितळ घासतात, तळाशी साचलेलं पाणी उपसतात आणि इंजिनं चालू करतात. इंजिनं धडधडायला लागली की माझ्या जिवात जीव येतो. वाटतं, आज दोर सुटणार. मग जावईबापू मान तिरकी करून इंजिनांचा आवाज ऐकतात, दोन्ही हात खिशात घालतात, खाडीच्या तोंडाकडे एकदा बघतात आणि इंजिनं बंद करतात. पुन्हा कापड चढवतात, बटणं लावतात आणि घरी जातात. एखाद्याला जेवायला बसवावं आणि घास घेणार तेवढ्यात ताट उचलून न्यावं, त्यातलाच हा प्रकार.

ते कापडही त्यांनीच शिवलेलं. जावईबापू धंद्याने शिंपी. एक सुरकुती नाही, काजं अशी की बघत राहावं. शिलाईला नाव ठेवायला जागा नाही. पण त्या कापडाला खिडकी नाही. मला समुद्र दिसत नाही, आणि माझी काळजी घेतात म्हणून सगळा धक्का त्यांचं कौतुक करतो!

मी काही शिकलेली नाही. अक्षरओळख म्हणाल तर माझ्या पाठीवर माझं नाव रंगवलंय तेवढीच, आणि तेही मला दिसत नाही. पण मला समजतं सगळं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका शेठने हौसेने मला बांधून घेतलं. मिस्त्री भलता हट्टी होता. प्रत्येक फळी ठोकून तिचा आवाज ऐकायचा आणि आवडला नाही तर म्हणायचा, "ही पलंगाला द्या. झोपायच्या कामाची आहे." म्हणून माझ्या अंगात झोपाळू लाकूड एकही नाही. दोन इंजिनं, पितळेच्या कडा आणि मधोमध लाकडी चाक. पाण्यात उतरले तेव्हा शेडमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. मी दिसायला होतेच तशी. खोटी लाज मला जमत नाही.

शेठना मात्र समुद्र लागायचा. खाडीच्या बाहेर पडलो की पांढरेफटक पडायचे. एकदा त्यांनी बादलीत डोकं घातलं ते धक्का येईपर्यंत वर काढलं नाही. शेवटी माझ्या कप्तानाला म्हणाले, "तूच सांभाळ रे बाबा हिला. माझं आणि हिचं काही जमायचं नाही." तेव्हापासून ते कप्तानच माझे मालक.

मालकांबरोबर मी खूप काम केलं. हौशी मंडळींना फिरवलं, दिवादांडीवरच्या माणसांना सामान पोचवलं, बेटावरची अडलेली बाई दवाखान्यात आणली आणि बाळाला घेऊन परत सोडली. पण मित्रांनो, माझं नाव झालं ते यामुळे नाही. माझं नाव झालं ते घरी परत येण्यामुळे.

आमच्या खाडीचं तोंड अरुंद आहे. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधून चिंचोळी वाट. बाहेर जाणं कुणालाही येतं, कारण तेव्हा लाट समोरून येते. समोरच्या लाटेशी नजर भिडवता येते. परत येताना मात्र ती पाठीमागून येते. मागून मला उचलते आणि माझं नाक खाली जातं. पाणी माझ्याच बरोबर धावत असतं, म्हणून सुकाणूला पकड मिळत नाही. चाक हातात असं सैल पडतं, जणू कुणी त्याची नसच कापली. तेव्हा घाई केली तर मी लाटेच्या उतारावरून घसरत जाते, नाक पाण्यात रुततं, मागची बाजू पुढे यायला बघते आणि मी आडवी होते. आडवी झाले की दगड वाटच बघत असतात. बरं, भिऊन अगदीच हळू झालं तर लाट मागून पोटात फुटते. म्हणून मोठी लाट खालून जाऊ द्यायची, आणि ती गेली की तिची पाठ धरायची. तिच्या पुढे जायचं नाही, फार मागेही राहायचं नाही.

मालकांना हे उपजत येत होतं. मागे मोठी लाट उभी राहिली की ते वेगाचे दांडे मागे ओढायचे आणि तिला अदबीने म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच." घरातून निघताना थोरामोठ्यांना म्हणतात ना, तसं. लाट रुबाबात पुढे जायची आणि तिच्यामागून मी, सासूच्या मागून नवी सून चालते तशी, अंग सावरून. बाकीच्या बोटी बाहेर थांबून राहायच्या. म्हणायच्या, आधी हिला आत जाऊ दे, मग आपण.

मालकांची लेक माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. तिला दात येत होते तेव्हा तिने माझा कठडा चावला, त्या खुणा अजून आहेत. ती मोठी झाली आणि तिने या शिंप्याशी लग्न केलं. मालकांना जावयाचं भारी कौतुक. मालक लेकीला तू म्हणायचे, मला तू म्हणायचे, धक्क्यावरच्या साहेबालाही तू म्हणायचे. जगात दोघांनाच ते 'तुम्ही' म्हणायचे. एक मोठ्या लाटेला आणि दुसरं जावयाला.

घात झाला तो इथेच.

जावईबापू खाडीतल्या शांत पाण्यात चाक धरायला शिकले. शिवणयंत्राखालून कापड सरकवतात तसं ते चाक फिरवायचे. ओढाताण नाही, नुसती बोटं. मालक मला कुरवाळत म्हणाले होते, "हात चांगला आहे गं पोराचा." मग एके दिवशी त्यांनी जावयाला खाडीच्या तोंडातून मला आत आणायला सांगितलं. स्वतः शेजारी उभे राहिले. लेक मागे दोर आवरत होती. तोंडात शिरलो आणि मागे लाट उभी राहिली. मालकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि सवयीने म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

जावईबापूंनी ऐकलं. सासऱ्यांनी सांगितलं, पुढे व्हा. त्यांनी दोन्ही दांडे पूर्ण पुढे ढकलले.

मी घसरले. नाक रुतलं. मी आडवी झाले. मालक दारावर आपटले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. माझं पोट दगडाला घासलं, पाण्याखालच्या दोन पंख्यांपैकी एक वाकला. उरलेल्या एका पंख्यावर जावईबापूंनी मला धक्क्याला कसं आणलं ते त्यांनाच ठाऊक. दोराची गाठ त्यांना बसेना, ती लेकीने मारली.

आणि मग दोघंही गप्प बसले. मालकांना वाटलं, पोराने घाई केली, पण जावयाला बोलायचं कसं? जावईबापूंना वाटलं, मला सांगितलं तेच मी केलं, पण अंथरुणावर पडलेल्या सासऱ्यांना 'तुम्ही चुकीचं सांगितलंत' म्हणायचं कसं? लेकीला वाऱ्यात काही ऐकूच आलं नव्हतं. दोघं इतके सभ्य, इतके सभ्य की मला वीट आला. खरं काय ते एकट्या मला माहीत होतं, आणि मला विचारतो कोण!

मालक काठी घेऊन चालू लागले, पण हलत्या फळीवर उभं राहणं त्यांना जमेना. जावईबापूंनी माझा पंखा बसवून घेतला, पोट बुजवून घेतलं आणि कापड शिवलं. तेव्हापासून मी कापडाच्या आत आहे.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, बोटीला काय, बांधून ठेवली की पडून राहते. तसं नसतं. भरती आली की मी आपोआप वर उचलली जाते आणि माझे दोर ताणले जातात. मी म्हणते, चला. दोर म्हणतो, बस खाली. शेजारच्या बोटी संध्याकाळी परत येतात, ओल्याचिंब, अंगावर मीठ वाळलेलं. त्यांच्या वासावरून मला कळतं आज बाहेर काय होतं. खाडीच्या तोंडाशी लाट फुटल्याचा आवाज येतो आणि मी मनात म्हणते, ही गेली, आता हिच्या मागे, आता. मग आवाज विरतो आणि मी तिथेच असते. धक्क्यावरच्या बाकावर मालक काठीवर हनुवटी टेकून बसतात. त्यांचंही तोंड तिकडेच. आम्ही दोघं एकाच दिशेला बघतो. माझ्या डोळ्यांवर कापड आहे, एवढाच काय तो फरक.

मग एक हॉटेलवाला मला विकत घ्यायला आला. त्याने माझ्या पोटावर टिचक्या मारल्या. म्हणाला, "बागेत उभी करू. आत टेबलं मांडू, वर दिव्यांच्या माळा सोडू. लोक चहा प्यायला येतील."

"आणि समुद्र?" लेकीने विचारलं.

"त्यात काय! भिंतीवर चित्र काढून घेऊ की."

माझ्या अंगातला खिळा न् खिळा तापला. मला वाटलं, आता मालक त्याला काठी दाखवतील. मालक म्हणाले, "जावयांना विचार." जावईबापू म्हणाले, "बाबा म्हणतील तसं." झालं! एकानेही नको म्हटलं नाही आणि क्रेन यायचा दिवस ठरला.

त्याआधीच्या सुट्टीला जावईबापूंनी नेहमीसारखी इंजिनं चालू केली. मान तिरकी केली, हात खिशात घातले. तेवढ्यात लेक बापाला हाताला धरून माझ्यावर घेऊन आली, चाकाशेजारच्या बाकावर बसवलं, मागे गेली आणि दोर सोडून धक्क्यावर फेकून दिला.

"अहो, दोर सुटला," ती म्हणाली.

"सुटला की सोडलास?"

"आता ते बघून काय करणार? धरा चाक, नाहीतर शेजारची बोट फुटेल."

जावईबापूंचे हात खिशातून बाहेर आले. मित्रांनो, ते बाहेर येताना मी बघितले. कापड नव्हतं ना!

आम्ही बाहेर पडलो. पहिली लाट नाकावर घेतली आणि इतक्या वर्षांची धूळ एका फटक्यात गेली. खोल पाण्याचा रंगच वेगळा असतो, तो मी विसरले नव्हते, पण इतका वेगळा असतो हे विसरले होते. मालक खिडकीतून बघत राहिले. परत फिरायची वेळ झाली, पण म्हणायचं कुणी? लेकीने एकदा तोंड उघडलं, बापाकडे बघितलं आणि मिटून घेतलं. ओहोटी लागली. वारा वाढला. मी तर म्हणत होते, अजून जरा, अजून जरा.

परतलो तेव्हा खाडीचं तोंड पांढरं झालं होतं. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं, वाऱ्याच्या लाटा आत घुसत होत्या आणि दोघांची गाठ नेमकी तोंडात पडत होती. बाहेर थांबावं तर अंधार पडणार. मालकांनी उठायचा प्रयत्न केला आणि काठी हातातून निसटली.

"तुम्ही बसा, बाबा," जावईबापू म्हणाले. "मी नेतो."

बांध दोन्ही बाजूंना आले. मागे लाट उभी राहिली, भिंतीसारखी. मालकांनी मान वळवली आणि तोंडातून निघालंच, "तुम्ही व्हा पुढे."

जावईबापूंचा हात दांड्यांवर होता. तो हलला. आणि थांबला.

"बाबा, मला म्हणताय की तिला?"

"काय?"

"पुढे व्हा, हे कुणाला? मला की लाटेला?"

"अरे लाटेला! तुला कशाला म्हणेन? तू हळू घे, हळू!"

जावयासाठी मालकांच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघालं होतं. त्या दोघांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

जावईबापूंनी दांडे मागे घेतले. लाटेने मला उचललं, माझं नाक खाली गेलं, चाक सैल पडलं. त्यांनी ओढाताण केली नाही. नुसती बोटं, थोडं इकडे, थोडं तिकडे, शिवण सरळ ठेवतात तशी. लाट गुरगुरत खालून निघून गेली.

"आता मागे लाग तिच्या!" मालक ओरडले. "पाठ सोडू नकोस!"

दांडे पुढे गेले, सुकाणूला पकड आली. "मागून दुसरी येतेय!" लेक ओरडली. "पण लांब आहे, चला!" डावीकडचे दगड गेले, उजवीकडचे गेले. मी त्या लाटेच्या पाठीवर बसून आत आले, तशी, अंग सावरून, जशी मालकांबरोबर यायचे.

आम्ही शांत पाण्यात आलो. मग लेकीने हळूच विचारलं, "म्हणजे त्या दिवशीही..."

"मला वाटलं, मला सांगितलं," जावईबापू म्हणाले.

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं उलट बोलणार? तुम्ही तरी कुठे बोललात?"

"जावयाला बोलणं बरं दिसतं का?"

"अहो, मग मला तरी सांगायचं होतं!" लेक कडाडली. "मी काय घरात भाड्याने राहते?" आणि मग ती रडायला लागली, आणि मालकांनी खुब्यावर हात ठेवून हसायला सुरुवात केली, आणि जावईबापूंना कळेना की कुणाची समजूत आधी काढावी.

हॉटेलवाल्याला जावईबापूंनीच कळवलं, की टेबलं खुशाल त्या चित्रासमोर मांडा, बोट मिळणार नाही. मालक आता लाटेला तेवढं 'तुम्ही' म्हणतात. जावयाला 'तू'. गोंधळ नको.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू असेल, छान पुसून, झाकून ठेवलेली. तिला पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिला तिच्या कामाला न्या. आणि घरातल्या माणसांशी बोला, सभ्यपणा जरा बाजूला ठेवून.

परवा जावईबापू कात्री घेऊन आले. त्यांनी माझ्या कापडाला खाडीच्या तोंडाच्या बाजूला एक मोठी खिडकी कापली आणि तिथे आरपार दिसणारं कापड शिवलं. आता मला समुद्र दिसतो. दिसतो म्हणून ओढ कमी झाली असं नाही, उलट जास्तच लागते. पुढची सुट्टी येईपर्यंत मी त्या खिडकीशी बसून असते.

शिवून झाल्यावर त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला आणि विचारलं, "काय, बरं वाटतंय का?" कुणाला ऐकू जावो न जावो, मी दोर करकरवून मोठ्याने सांगितलं,

"हात चांगला आहे तुमचा, जावईबापू. इतकी वर्षं उगाच खिशात घालून हिंडलात."