वास नाही

"चिंधू, वास?"

चुरी सरांनी दाराबाहेरून विचारलं. त्यांच्या नाकावर रुमाल असल्यामुळे प्रश्न "इंदू, आस?" असा ऐकू आला. पण गेली दोन वर्षं रोज सकाळी पावणेअकराला हाच प्रश्न येत असल्यामुळे तो कळण्यासाठी चिंधूला ऐकावा लागत नसे.

चिंधू गॅसच्या खोलीत दाराकडे पाठ करून उभा होता. त्याने खिशातून बोटभर लांबीची कागदाची पट्टी काढली, तिच्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले आणि ती गॅस बनवायच्या किपच्या तीन फुग्यांच्या काचेच्या भांड्याच्या तोटीजवळ धरली. मनात वीसपर्यंत आकडे म्हटले. पट्टी पांढरी राहिली. ती खिशात परत गेली. मग त्याने बाहेर ऐकू जाईल असा एक दीर्घ श्वास नाकाने ओढला.

"नाय सर."

"लिही मग."

चिंधूने बाहेर येऊन रजिस्टरात 'वास नाही' असं लिहिलं आणि पुढे स्वतःचं नाव घातलं. त्याला एवढंच लिहिता येत होतं. हे दोन्ही त्याला चुरी सरांनीच शिकवलं होतं. 'वास आहे' हे शिकवायचं त्यांनी टाळलं, कारण ज्या दिवशी वास असेल त्या दिवशी लिहीत बसायला कोण थांबणार, असं त्यांचं म्हणणं. रसायनशास्त्राच्या माणसाला कधीकधी असं व्यवहारज्ञान असतं.

तारापूरला समुद्राकाठी अणूपासून वीज होणार होती. ती होईपर्यंत इकडच्या पोरांना थोडंफार विज्ञान येऊन जावं, म्हणून एका विद्यापीठाने बोईसर स्टेशनजवळच्या बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत आपलं केंद्र काढलं होतं. गिरणीत तांदूळ ठेवायचे तिथे वर्ग भरायचे आणि कोंडा टाकायचे ती गॅसची खोली झाली. पोरांना क्षार ओळखायला शिकवायचं तर हायड्रोजन सल्फाइड लागतो, म्हणजे सडक्या अंड्यासारखा घाण मारणारा विषारी वायू. तो बाहेर जायला खोलीला एक खिडकी होती. पण ती प्राचार्यांच्या कचेरीकडे उघडत असल्यामुळे खिळे ठोकून बंद केली होती. हवा ओढून घेणारा पंखा मंजूर झाला होता. तो आला तेव्हा छताला टांगायचा निघाला, आणि गॅसच्या खोलीचं छत पत्र्याचं. मग तो कुठे टांगला गेला हे सांगायला नको. तर सुरक्षेची साधनं म्हणून कागदोपत्री दोन वाळूच्या बादल्या होत्या, एक घोंगडी होती, आणि चिंधूचं नाक होतं.

नाक नाव घेण्यासारखंच होतं. उमरोळीच्या वरच्या अंगाला डोंगराखाली त्याचा पाडा. तिथल्या अंगणात उभा राहून तो सांगायचा की आज बुधाच्या घरी सुकट आहे आणि ती खारट आहे. मोहाचं झाड फुललं की आधी चिंधूला कळायचं, मग अस्वलांना. सरांनी त्याला कामावर घेतला तो या नाकाच्या जोरावर, आणि तेही हंगामी. कामावर कायम होणं याचा चिंधूच्या घरी एकच अर्थ होता. बायकोला, नवसीला, परत वीटभट्टीवर जावं लागणार नाही. पाड्यावरची बाकीची माणसं भात झोडून झालं की पोरंबाळं, कोंबड्या, मडकी घेऊन भट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. नवसी तशी अकरा वर्षं गेली होती. दोन मुलं तिने भट्टीवर जन्माला घातली आणि दोन्ही तिथेच पुरली. चिंधू नोकरीला लागल्यापासून ती घरी होती. एकदा ती म्हणाली होती, "भट्टीचा धूर दिसला तरी मी रस्ता बदलीन." तिच्या तोंडून निघालेलं एवढं लांब वाक्य तोवर चिंधूने ऐकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुटीआधी, किपच्या भांड्याची तोटी अडकली. वर्गात हंसा नावाची एकच मुलगी होती, वाणगावहून यायची. ती परीक्षानळी घेऊन आत गेली आणि बाहेर आली नाही. बाकीची पोरं नाक दाबून व्हरांड्यात पळाली. चुरी सर "पाणी! पाणी!" म्हणून ओरडत होते. चिंधू ओला पंचा तोंडाला बांधून आत गेला, हंसाला खांद्यावर टाकून त्याने बाहेर आणलं, आणि तोटी बंद करायला परत आत गेला.

दुसऱ्यांदा आत गेला तेव्हा त्याला वास आला नाही. गॅस संपला, असं त्याला वाटलं. संपला तर पंचा कशाला, म्हणून त्याने तो सोडून त्याच पंच्याने तोटी नीट पकडली आणि सावकाश फिरवली. बाहेर येऊन पायरीवर बसला आणि बसल्याजागी कलंडला.

हंसा चौथ्या दिवशी वर्गात आली. चिंधू पाचव्या दिवशी आला. सहाव्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं: यापुढे रोज गॅसच्या खोलीतल्या वासाची तपासणी करून तशी नोंद ठेवावी. चुरी सरांनी नवं रजिस्टर आणून चिंधूपुढे उघडलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याच्या आदल्याच दिवशी नवसीने चुलीत बोंबील भाजायला टाकला होता. तो चिंधूच्या नाकाखाली जळून कोळसा झाला आणि त्याला कळलं नाही.

नोकरी नाकाची होती आणि नाक गेलं होतं. हे कुणाला सांगणार? चिंधूने कुणालाच सांगितलं नाही. पण तो दारात उभा राहून सरांचा तास ऐकायचा. लेड ॲसिटेटच्या पाण्यात बुडवलेला कागद या गॅसमध्ये काळा पडतो, हे सर पोरांना सांगायचे. पोरं ते परीक्षेपुरतं ऐकायची. चिंधूने पोरांनी टाकलेले फिल्टर पेपरचे कोरे तुकडे गोळा केले, कापले, भिजवले, वाळवले. दोन वर्षांत पाच वेळा पट्टी काळी झाली. पाचही वेळा तो "हाय सर!" म्हणाला, आणि सर पोरांना घेऊन आंब्याखाली गेले. दोन वर्षांत त्या खोलीत कुणाला साधी चक्कर आली नाही.

नवसीची मात्र या दोन वर्षांत बडबड वाढली. तो घरात शिरला की सुरू. "बुधाच्या घरी सुकट भाजतात गो बाय, काय वास सुटलाय." "दूध लागलं जरा." "तुज्या सदऱ्याला औषधाचा वास मारतो, काढ तो." जन्मभर जिच्या तोंडातून शब्द काढावा लागायचा ती बाई! वय झालं की होतं असं, चिंधू मनाशी म्हणायचा. पण ते ऐकून त्यालाही "हां, मलाबी आला," म्हणता यायचं. आपण चांगले निभावून नेतो, असं त्याला वाटायचं.

आणि मग विद्यापीठाची समिती आली.

समितीत तिघं होते. एक अध्यक्ष, एक डॉक्टर आणि लिहून घेणारा एक कारकून. त्यांनी वाळूच्या बादल्या पाहिल्या, घोंगडी उलगडून पाहिली. घोंगडीत मांजर व्यालं होतं, तेव्हा ती परत तशीच ठेवली. मग प्राचार्यांच्या कचेरीत पंख्याखाली बसून त्यांनी रजिस्टर चाळलं.

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "या माणसाला कायम करायला हरकत नाही. डॉक्टर, तेवढं नाक तपासून घ्या."

चुरी सरांनी दारातून चिंधूकडे पाहून डोळ्यांनीच 'झालं तुझं काम' अशी खूण केली.

डॉक्टरांनी टेबलावर तीन कुप्या मांडल्या. एकीत पांढरे खडे, दुसरीत पिवळट खडे, तिसरीत निळं पाणी. चिंधूचा जीव भांड्यात पडला. कापूर, हिंग, रॉकेल. एवढंच होय!

"डोळे मीट," डॉक्टर म्हणाले.

"डोळे?" चिंधू घाबरून बोलून गेला, "डोळे मिटल्यावर वास दिसायचा कसा, सायेब?"

पंखा फिरत राहिला. पहिल्यांदा कारकून हसला, पण बाकी कुणी हसत नाही हे पाहून तोही थांबला. चिंधूने डोळे मिटले. नाकाखाली काहीतरी आलं. त्याने बाहेर ऐकू जाईल असा दीर्घ श्वास ओढला.

"कापूर."

ते रॉकेल होतं.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

चिंधूने तारीख सांगितली. ती रजिस्टरातल्या पहिल्या तारखेच्या सहा दिवस आधीची होती.

कारकुनाने रजिस्टर पुढे ओढलं. "साहेब, दोन वर्षं हा रोज 'वास नाही' लिहितोय. हे खोलीबद्दल लिहिलंय की स्वतःबद्दल?" दिवसभरात समितीत विचारला गेलेला तो एकच कामाचा प्रश्न होता. पण कारकुनाने विचारला असल्यामुळे तो इतिवृत्तात आला नाही.

"मग दोन वर्षं तू तपासत काय होतास?" अध्यक्ष कडाडले.

चिंधूने खिसा टेबलावर रिकामा केला. अकरा पांढऱ्या पट्ट्या, आणि एक काळी. ही काळी त्याने का जपून ठेवली होती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो बोलत गेला आणि अध्यक्ष पुढे वाकत गेले.

"पण हे तर नाकापेक्षा कितीतरी खात्रीचं आहे! तुला शिकवलं कुणी हे?"

चिंधूने दाराकडे पाहिलं. चुरी सर भिंतीला टेकून उभे होते.

"सरांनी," तो म्हणाला.

समिती फार खूश झाली. 'चुरी पद्धती' सगळ्या केंद्रांना कळवावी, असं अहवालात आलं. पुढच्याच ओळीत असंही आलं की या पद्धतीत पट्टी कुणालाही पाहता येत असल्यामुळे वास तपासण्यासाठी वेगळा माणूस ठेवण्याचं कारण उरत नाही. चिंधूला महिनाअखेर मोकळं करावं. शिवाय त्याने आपलं अपंगत्व लपवलं. पंख्याचा विषय पुढल्या वर्षी घेण्याचं ठरलं.

शेवटच्या दिवशी पावणेअकराला चुरी सर गॅसच्या खोलीशी आले. दारात थांबले नाहीत, पहिल्यांदाच आत आले. नाकावर रुमाल नव्हता.

"मी प्राचार्यांना दोनदा भेटलो, चिंधू."

"ठावं हाय सर. शिपाई सांगत व्हता."

"मला एकट्याला तरी सांगायचंस रे."

चिंधू तोटी पुसत होता. "सर, तुमी पोरांना दरसाल सांगता ना, या गॅसाचा वास यायचा बंद झाला तर खूश होऊ नका, तोच खरा धोका? दाराशी उभा राहून ऐकलं मी ते."

सरांचा हात सवयीने रुमालाच्या खिशाकडे गेला.

"हंसाच्या वक्ताला मला ठावं नव्हतं ते. तुमाला ठावं होतं. मग तुमी रोज इचारायचात, वास? मी म्हणायचो, नाय." त्याने फडकं पिळून कट्ट्यावर पसरलं. "यात मी खोटं कवा बोललो, सर?"

चुरी सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत काढला. मग स्वतःच रजिस्टर उघडून चिंधूपुढे धरलं. चिंधूने पट्टी धरली, वीस आकडे म्हटले, आणि लिहिलं. अक्षर आता चांगलं वळणदार झालं होतं.

संध्याकाळी तो पाड्यावर पोचला तेव्हा भात झोडून झालेलं होतं. बुधाच्या अंगणात भट्टीवर न्यायची मडकी दोरीने बांधून ठेवलेली होती. नवसी चुलीपुढे बसली होती.

"आलास? नव्या तांदळाचा भात टाकलाय. काय वास सुटलाय बघ, पार वाटेपत्तुर आला असंल तुला."

चिंधू दाराच्या आत भिंतीला टेकून बसला. आज तो 'हां, मलाबी आला' म्हणाला नाही.

"नवसी, कवापासून ठावं हाय तुला?"

ती लाकूड पुढे सारत राहिली. "कोळशासारखा झालेला बोंबील तू खाल्लास नि म्हणलास, झ्याक भाजलाय. तवापासून."

"नि बोलली नायस?"

"दोन वर्सं बोलतेच हाय की," नवसी म्हणाली.

चिंधूने अंगणापलीकडच्या मडक्यांकडे पाहिलं. "मला सोडलं कामावरनं," तो म्हणाला.

नवसीचा हात थांबला. पुन्हा चालू लागला. तिने भातावरचं झाकण काढलं. वाफ वर गेली आणि तिचं तोंड दिसेनासं झालं.

"आपल्या मडक्यांना दोरी लागंल मग," वाफेतून ती म्हणाली. "बुधाकडं हाय जास्तीची."

चिंधू भिंतीपासून उठून चुलीजवळ येऊन बसला.

"सांग ना," चिंधू म्हणाला.

"काय?"

"आता कसला येतो?"

नवसीने पदराने तोंड पुसलं. "भाताचा," ती सांगू लागली. "दुधावानी. गोडसर. खाली जरा लागाया लागलाय, त्याचा खरपूस येगळा. चुलीत सागाचं लाकूड हाय, त्याचा कडू. कुडाला मी सकाळी शेण लावलं, त्याचा ओला. नि मागं बकऱ्यांचा."

चिंधूने डोळे मिटले, आणि बाहेर ऐकू जाईल असा एक दीर्घ श्वास नाकाने ओढला.