बाबांची प्रामाणिक चेष्टा

बाबांनी एकच अट घातली होती. "लोक मला हसले, तर फिल्म त्याच दिवशी काढून टाकायची. वाद नको."

अनघाने ती मान्य केली, कारण ते राहत त्या उत्तर भारतातल्या अख्ख्या अलीगंजमध्ये फुकटात मिळणारा दुसरा नट तिला माहीत नव्हता. शिवाय फिल्ममध्ये हसण्यासारखं काही नाहीच, असं तिचं मत होतं. चालू न होणारी जुनी स्कूटर आणि तिला सकाळभर किक मारणारा माणूस, एवढीच गोष्ट. माणूस म्हणजे बाबा. हेमचंद्र हे वनस्पतिशास्त्रज्ञ; नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, तासभर बोलतील, पण कुणी फोटो काढायला लागलं की मान वळवून कुंडीकडे पाहतील. साताऱ्याला कॉलेजच्या नाटकात त्यांची चिकटवलेली मिशी ऐन भाषणात गळून पडली होती आणि प्रेक्षक हसून लोळले होते. त्यानंतर ते रंगमंचाकडे फिरकले नव्हते.

शूटिंग घरासमोरच्या गल्लीत झालं. ट्रायपॉड म्हणजे स्टूल, त्यावर तांदळाचा डबा आणि डब्याला रबरबँडने बांधलेला फोन. दुसरा फोन आवाजासाठी बाबांच्या खिशात. आईने थर्माकोल धरून बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचा होता, पण कुकरची शिट्टी झाली की ती आत पळायची आणि बाबांचा चेहरा एकदम झाकोळायचा. एडिटिंग करताना अनघाच्या लक्षात आलं, की त्यामुळे अभिनय फारच खोल वाटतो आहे. तिने ते तसंच ठेवलं.

रविवारी सकाळी फिल्म यूट्यूबवर चढली. अनघा फिजिक्समधली एम.एस्सी., तपासल्याशिवाय काही बोलायचं नाही हा तिचा बाणा. फिल्मखालची ओळसुद्धा तिने तशीच विचार करून लिहिली. आधी हिंदीत: 'पापा की एक ईमानदार चेष्टा.' मग साताऱ्याच्या नातेवाइकांसाठी मराठीत. 'प्रयत्न' हा शब्द तिला प्रगतिपुस्तकातला वाटला. 'चेष्टा' संस्कृतातून आलेला, म्हणजे दोन्ही भाषांत अर्थ एकच असणार. घरात सगळे 'मस्करी'च म्हणत असल्यामुळे हे एक गृहीतक तपासायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने लिहिलं, 'बाबांची प्रामाणिक चेष्टा', लिंक सगळीकडे पाठवली आणि अंघोळीला गेली.

बाहेर आली तेव्हा फिल्मखाली युद्ध पेटलं होतं.

पहिला बार साताऱ्याच्या लतिका आत्याचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीचा. "जन्मदात्या बापाची चेष्टा करायला लाज कशी वाटत नाही? आणि वर म्हणे प्रामाणिक!"

त्याखाली शेजारचे शुक्ला अंकल, अगदी मनापासून: "बहुत सुंदर चेष्टा है। ऐसी चेष्टा घर-घर में होनी चाहिए।"

मग आत्याचे दीर, धनंजयकाका: "तुम्ही कोण हो, आमच्या हेमचंद्रची चेष्टा करणारे?"

शुक्ला अंकलना त्यातले बहुधा दोनच शब्द कळले. ते गहिवरून म्हणाले होते, "हम भी करना चाहते हैं भाई साहब, पर इस उम्र में कहाँ हो पाती है।"

आणि समोरच्या रिज़वी आंटी: "दुआ है कि डॉक्टर साहब की चेष्टा यूँ ही चलती रहे।"

अनघाने फोन आईपुढे धरला. आईने वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, चेष्टा म्हणजे मस्करी!"

"मराठीत?"

"नाही, जपानीत!"

"बाबांनी बघितलं?"

"ते गच्चीवर कुंड्यांना पाणी घालतायत. फोन खिशात आहे."

तेवढ्यात गच्चीवरून व्हिडिओ कॉलची रिंग ऐकू आली. अनघा ओल्या केसांनी जिना चढली.

बाबांच्या एका हातात झारी होती, दुसऱ्या हातात आत्या. आत्याचं फक्त कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. आवाज मात्र पूर्ण येत होता.

"हेम, मी सगळं वाचलंय. हा शुक्ला कोण? त्याला मी सोडणार नाही."

"ताई, आमचे शेजारी आहेत. फार सज्जन गृहस्थ."

"सज्जन? घरोघरी चेष्टा करा म्हणतो तो!"

बाबांनी चष्म्यावरून अनघाकडे पाहिलं. ती भराभर बोलली, "बाबा, ती हिंदीतली चेष्टा आहे. म्हणजे प्रयत्न. मी चुकून मराठीत तशीच घातली. आत्ता बदलते."

"मग सरळ कोशिश लिहायचंस!" आत्या कडाडली.

"तेही हिंदीच आहे, आत्या."

"असू दे, कळतं तरी!"

बाबांनी झारी खाली ठेवली. "ताई, तू फिल्म पाहिलीस?"

"भावाची चेष्टा डोळ्यांनी बघू होय?"

"आत्ता बघ. इंद्रजितच्या टॅबवर लाव. हा फोन चालू राहू दे."

इंद्रजित म्हणजे आत्याचा मुलगा. थोडी खुडबुड झाली आणि साताऱ्याहून किक मारल्याचे आवाज येऊ लागले. बाबा फोनकडे बघत नव्हते, कठड्यावरच्या शेवाळाकडे बघत होते. किक. पुन्हा किक. आत्याच्या कपाळावरची आठी हलत नव्हती. मग एकाएकी खुदकन आवाज आला, आणि त्यामागून आत्याचं ते गल्लीभर ऐकू जाणारं हसू.

संपलं, अनघाला वाटलं. बाबांचे कान लाल झाले होते.

"थांबव ते," बाबा म्हणाले. "कुठे हसलीस?"

"अरे, तू..." हसताना आत्याचा फोन खाली कलला होता आणि ती पदराने डोळे पुसताना दिसत होती.

"नीट सांग. माझ्या तोंडाला हसलीस का?"

"तोंड काय मी आज बघतेय तुझं? दमलास, मग इकडे तिकडे बघून वाकलास आणि स्कूटरला हळूच 'सॉरी' म्हणालास ना, तिथे! आमचे हे मिक्सरशी असंच बोलतात रे!"

बाबांनी वळून अनघाकडे पाहिलं. "ते तुझ्या स्क्रिप्टमध्ये होतं?"

"नव्हतं. ते तुम्हीच घातलंत."

"ताई, ते माझं आहे," बाबा फोनमध्ये म्हणाले. नव्या जातीचा नेचा सापडल्यावर ते याच आवाजात बोलत.

"बरं, तुझं तर तुझं. आता पुढचं बघू का?" आत्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

अनघा जिन्याच्या दारातच उभी होती. "बाबा, लोक हसले. म्हणजे... काढू का?"

"शब्द तेवढा बदल. शुक्लाजींना काही सांगू नकोस, उगाच ओशाळतील."

"आणि फिल्म?"

"राहू दे."

"अजून कुणी हसलं तर?"

बाबांनी झारी उचलली. "हसू देत. पण नेमकं कुठे हसले, ते प्रत्येकाला विचारून मला सांग."