हा चेहरा आधीच वापरात आहे

माझ्या दोन बहिणी जुळ्या आहेत, राजकन्या आणि दीपमाला. दोघींत फरक एवढाच की राजकन्या शिंकायच्या आधी तोंड वाकडं करते, दीपमाला नंतर. बाकी नाक, डोळे, उजव्या भुवईतला भोवरा, सगळं सारखं. नायगावात आई सोडून कुणालाच त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि आईसुद्धा घाईत असली की दोघींनाही रागावून मोकळी होते.

दोघींना डॉक्टर व्हायचंय. म्हणून दोघींना लातूरच्या क्लासला घातलं. होस्टेलवर कॉट एकच शिल्लक होती. चिठ्ठी टाकली, राजकन्या गेली. दीपमालानं तीच बॅच घरी बसून मोबाइलवर करायची आणि कॉट रिकामी झाली की जायचं, असं ठरलं. लातुरात कॉट रिकामी होत नसते. पण फी दोघींची वेगळी भरली होती, फोन वेगळे, नंबर वेगळे.

नीटची परीक्षा जवळ आली तेव्हा एका सकाळी मला दीपमालाचा फोन आला. मी नांदेडला एका दुकानात सीसीटीव्ही बसवायला शिडीवर चढलो होतो.

"दादा, माझा चेहरा बंद पडला."

"कोणता?"

"हाय तोच. ॲपमधी आलंय बघ. 'हा चेहरा आधीच वापरात आहे. खाते स्थगित.'"

झालं होतं असं, की क्लासची लेक्चरं कुणीतरी उतरवून टेलिग्रामवर टाकत होतं. क्लासनं हक्क सांभाळायला एक कंपनी नेमली. कंपनीचं म्हणणं, हे चोर दोन-दोन खाती काढतात, एक बंद पडलं की दुसऱ्यावरून उतरवतात. म्हणून नवा नियम आला. लेक्चर सुरू व्हायच्या आधी फोन तुमचा चेहरा बघणार. एक चेहरा, एक खातं. राजकन्यानं आधी फोनसमोर तोंड धरलं, म्हणून चेहरा तिचा ठरला. दीपमाला वापरत होती तो विनापरवाना होता.

लेक्चरं गेली ती गेलीच, शिवाय तिनं दोन वर्षं ॲपमध्येच समासात बोटानं लिहिलेल्या नोट्सही आत अडकल्या. ॲपच्या अटी मी पहिल्यांदा वाचल्या. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थी लेक्चर विकत घेत नाही, बघायची परवानगी घेतो, आणि ॲपमध्ये लिहिलेलं सगळं ॲपचं. म्हणजे तिचं अक्षरसुद्धा आता तिचं नव्हतं.

मी कॅमेरे बसवतो, त्यामुळे जगातला कुठलाही कॅमेरा बिघडला की तो मी दुरुस्त करणार, असं घरचे धरून चालतात. मी हेल्पलाइनला लिहिलं की या दोन मुली आहेत. उत्तर आलं, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण दोन आहात याचा पुरावा पाठवा." मी दोघींची कॉलेजची ओळखपत्रं पाठवली. उत्तर आलं, "दोन्ही ओळखपत्रांवर एकच छायाचित्र आहे. बनावट कागदपत्रांची नोंद घेतली आहे."

मी नीट बघितलं. खरंच एकच होतं. केसांची बटसुद्धा त्याच जागी. नायगावच्या फोटोवाल्या शंकरप्पाला फोन लावला.

"अरे लखन, दोघीचं एकच तोंड हाय," तो म्हणाला. "दोन-दोनदा कामून बसवायचं लेकरांना? एकीचा काढला न् दोघीच्या कॉप्या मारल्या."

"कुणाचा काढला पण?"

"आता ते मला कसं कळावं, बाबा?"

मग मी दीपमालाला घेऊन लातूर गाठलं. होस्टेलच्या फाटकात दोघींना शेजारी उभं केलं आणि व्हिडिओ काढला. एकीला डावा हात वर करायला लावला, एकीला उजवा. उत्तर पाच मिनिटांत आलं, "एकाच व्यक्तीची प्रतिमा आरशासारखी फिरवून जोडलेली आढळली. हा दुसरा गुन्हा."

"दादा, तू नको करू आता काही," राजकन्या म्हणाली.

तरी मी दोघींना घेऊन क्लासच्या ऑफिसात गेलो. तिथं पंचाक्षरी सर भेटले. तेच जीवशास्त्र शिकवतात, आणि लातुरात त्यांच्या फोटोचे फलक देवापेक्षा मोठे आहेत. सरांनी दोघींकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"दोन आहेत की हो," सर म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडलो.

"पण मला दिसून काय उपयोग?" सर म्हणाले. "मी माणूस आहे. सिस्टिमला दिसायला पाहिजे."

"तुम्ही सांगा ना सर सिस्टिमला."

"माझंच खातं बंद आहे, बाळा. मी माझ्या लेक्चरची एक क्लिप माझ्या स्टेटसला ठेवली होती. माझा चेहरा, माझा आवाज, माझ्या हातातला खडू. चोरी धरली त्यांनी. आता माझंच लेक्चर मला बघायचं म्हणलं तर..." सरांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "टेलिग्रामवर बघा. मी पण तिथंच बघतो. तिथं चेहरा विचारत नाहीत."

"आपुन फी भरली की, सर," दीपमाला म्हणाली. "मंग चोराच्या दारात कामून जायचं?"

सरांनी फोन काढून ग्रुप उघडला. ग्रुप त्याच दिवशी बंद झाला होता. खाली लिहिलं होतं, हक्कधारकाच्या तक्रारीवरून.

"हक्कधारक म्हणजे तुम्हीच न, सर?" राजकन्यानं विचारलं.

"मी नाही," सर म्हणाले. "मी नुसता शिकवतो."

शेवटी तोडगा बहिणींनीच काढला, आणि तो इतका सोपा होता की मला लाज वाटली. राजकन्याचा फोन दीपमालाच्या तोंडासमोर धरला. फोन म्हणाला, "स्वागत आहे, राजकन्या." दीपमाला लातुरातच राहिली. एका कॉटवर दोघी. जेवायला पाळीपाळीनं जायच्या, त्यामुळे रेक्टरबाईंना वाटायचं की ही पोरगी लई खाती. दिवसा राजकन्या लेक्चरं बघायची, रात्री दीपमाला. ज्या फसवणुकीचा आळ आधीच आला होता, ती दोघी आता पहिल्यांदाच करत होत्या.

आठवडाभरानं राजकन्याचंही खातं अडकलं. कंपनीनं लिहिलं की हा विद्यार्थी झोपत नाही, म्हणजे हा माणूस नसून यंत्र आहे. मी काम सोडून परत लातूर गाठलं.

सरांनी कुणाकुणाला विनवून एक शेवटची संधी मिळवली होती. संध्याकाळपर्यंत दोन्हीपैकी एक खातं कायमचं मिटवायचं, नाहीतर दोन्ही जाणार. जे ठेवायचं त्यातून एका चौकटीवर खूण करायची होती. चौकटीपुढे लिहिलं होतं, "मी एकटीच आहे. या चेहऱ्याची दुसरी कोणतीही व्यक्ती नाही, असे मी जाहीर करते."

होस्टेलच्या पायरीवर आम्ही तिघं बसलो. राजकन्याचा फोन मध्ये.

"मी न्हाई दाबणार हे," राजकन्या म्हणाली. "मंग ही कोण बसली हितं?"

"वकिलाला विचारू," मी म्हणालो.

"वकील संध्याकाळच्या आत दोघी हाईत म्हून सिद्ध करील?"

मी अख्ख्या नांदेडात कॅमेरे बसवलेत. चोर दिसावा म्हणून बसवतो. समोर बसलेली माणसं दिसावीत म्हणून कसा बसवायचा, ते मला येत नाही.

"तुझं ठेव," राजकन्या म्हणाली. "तू माझ्यापेक्षा हुशार हाय."

"माझं खातं चोराचं ठरलंय. ते ठेवलं तरी उघडतंय का न्हाई, कोणाला म्हाईत? तुझं उघडतंय, हे आपुन बघितलंय."

एवढं बोलून दीपमालानं फोन उचलला. खूण केली. मग फोन स्वतःच्याच तोंडासमोर धरला, हलली नाही, पापणीसुद्धा नाही.

"स्वागत आहे, राजकन्या," फोन म्हणाला.

तिनं फोन बहिणीच्या मांडीवर ठेवला. "घे. उत्सर्जनसंस्था ऱ्हायली तुझी."

राजकन्या रडायला लागली.

"रडू नको," दीपमाला म्हणाली. "डोळे सुजले की फोन वळखायचा न्हाई."

तिची पिशवी मी घेतली. स्टँडवर नांदेडची गाडी लागलेलीच होती. बसल्यावर मी म्हणालो, पुस्तकं आहेत की, सर फोनवर शंका सांगतील, पुढच्या वर्षी दुसरा क्लास बघू. ती प्रत्येक वेळी मान डोलवत "हाव" म्हणत होती. मी बोलणं थांबवलं तरी तिनं एकदा "हाव" म्हणून घेतलं.

चाकूरच्या अलीकडे कंडक्टर आला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि एक पूर्ण, एक अर्धं फाडून दिलं. चेहरा विचारला नाही, काही नाही.

दीपमालानं तिचं तिकीट हातात धरलं आणि बराच वेळ वाचत बसली.

"चला," ती म्हणाली, "अर्धी तरी धरली."