जार्विससाठी लिहिलेली साक्ष

व्हर्लिन स्टॅम्परच्या हाताला लिहिण्यात यश होतं. इराकात अमेरिकन सैन्याचा सार्जंट असताना त्याने आपल्या तुकडीतल्या अकरा जणांच्या पदकांच्या शिफारशी लिहिल्या, आणि अकराच्या अकरा मंजूर झाल्या. त्यामुळे त्याच तुकडीतल्या जार्विस कूम्ब्सच्या अपंगत्व-भत्त्याच्या अर्जाला साथीदाराचं निवेदन लागतंय म्हटल्यावर गडी एका बैठकीत दोन पानं लिहून मोकळा झाला. ‘असा वाघ मी दुसरा पाहिला नाही. स्फोटात गाडी उलटली, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे मशिनगनवर उभा. कधी तक्रार म्हणून नाही.’

अर्ज फेटाळला गेला.

गावातल्या माजी सैनिकांचे कागद लोरेटा करून द्यायची. बाई स्वतः वीस वर्षं सैन्यात काढलेली, जिभेने तिखट. तिने नकाराचं पत्र व्हर्लिनपुढे आपटलं. “वाच. मोठ्यानं वाच.”

“‘साथीदाराच्या निवेदनानुसार अर्जदार दुसऱ्याच दिवशी कामावर हजर होता व त्याची कोणतीही तक्रार नव्हती. डोक्याला दुखापत झाल्याची नोंद आढळत नाही.’”

“अरे शहाण्या, तुला साक्ष द्यायला सांगितली होती, पोवाडे गायला नाही! तुम्हा लोकांची खोडच ही. पाय तुटला तरी ‘मजेत आहे’ म्हणाल. तू त्याला पदक द्यायला गेलास आणि त्यांनी त्याच पदकाने त्याचा गळा कापला.”

“मग लिहू काय?”

“डोळ्यांनी पाहिलंस ते. शुद्ध गेली होती का? किती वेळ? ओकला का? आणि मुख्य म्हणजे डॉक्टरच्या तंबूत का गेला नाही? गेला असता तर नोंद असती. का गेला नाही, ते कुणीतरी लिहायला हवं, बाबा.”

का गेला नाही, हे जगात आता एकट्या व्हर्लिनच्याच ध्यानात होतं. जार्विसला सकाळचं दुपारी आठवत नव्हतं. गेल्या महिन्यात पोरीला शाळेतून आणायला निघाला आणि साठ मैलांवर, शेजारच्या टेनेसी राज्याच्या हद्दीत, पेट्रोल संपून बसलेला सापडला. गॅरेजमधली नोकरी गेलेली. बायको मिस्टी त्याला एकटं सोडून कामाला जाऊ शकत नव्हती, आणि कामाला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. अपील एकदाच करता येणार होतं, तेही या निवेदनाच्या जोरावर.

दुसरं निवेदन अर्ध्या पानाचं झालं, पण त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी व्हर्लिन ते घेऊन जार्विसच्या घरी गेला. लोरेटाकडे थेट देता आलं असतं, पण कागदावरून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळावं, एवढी लाज अजून त्याच्यात शिल्लक होती.

“सार्जंट!” जार्विस खुर्चीतून उठलाच. “मिस्टी, बीन्स गरम कर, मक्याचा पाव काढ!”

“आधी ऐक,” व्हर्लिन म्हणाला आणि उभ्याउभ्याच वाचू लागला.

‘स्फोटानंतर जार्विस चार-पाच मिनिटं बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर तीनदा ओकला. आपण कुठे आहोत, असं विचारत होता. संध्याकाळी तो मला म्हणाला, सार्जंट, मला डॉक्टरकडे जायचंय. मी नाही म्हटलं. सकाळी ताफा निघायचा होता आणि मशिनगनवर दुसरा माणूस नव्हता. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बायकांसारखा रडू नकोस, पाणी पी आणि झोप. मग त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.’

जार्विस खाली बसला. “मी विचारलं होतं?”

“हो रे. दोनदा.”

“मिस्टी, ऐकलंस? मी विचारलं होतं!” आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

मिस्टी चुलीपाशी उभी होती. तिचा आवाज चढला नाही. “चौदा वर्षं मी याला एकच बोलतेय, सार्जंट. मूर्खा, डॉक्टरकडे का गेला नाहीस? आळशी म्हटलं. दारुडा म्हटलं. एकदा हातसुद्धा उचलला. तो म्हणायचा, चुकलंच माझं. आणि तुम्ही दर नाताळला या टेबलाशी जेवत होतात.”

“मला बोलायला तोंड नाही, मिस्टी.” व्हर्लिनने कागद टेबलावर ठेवला. “लोरेटा म्हणते, याने काम होईल. येतो मी.”

“सार्जंट,” जार्विस डोळे पुसत म्हणाला, “कसला कागद आहे तो? माझा आहे?”

व्हर्लिन दाराकडे वळला होता. मिस्टी मधे येऊन उभी राहिली.

“बसा,” ती म्हणाली. “वाचून दाखवा त्याला. तो विचारेल तितक्या वेळा वाचा.”

व्हर्लिन बसला, आणि त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.